झोपून सांगतो

कासमभाईंना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "झोपून सांगतो."

बदलीचा अर्ज करू का? झोपून सांगतो. फाहाहीलच्या बाजारात मासळी घ्यायला जायचं का? झोपून सांगतो. नव्या चपला घेतल्या, त्या चावतात, परत करू का? हेसुद्धा झोपून. एकदा मी मुद्दाम विचारलं, "कासमभाई, किती वाजले?" त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघून सरळ सांगितलं. तेव्हा गृहस्थ अगदीच हाताबाहेर गेलेला नाही, अशी माझी खात्री पटली.

त्यांचा हिशेब साधा होता. जागेपणी माणसाला काही कळत नाही. जागेपणी साहेबाचा आवाज असतो, वाळूचं वादळ असतं, डोळ्यांत माती असते. खरं काय ते झोपेत दिसतं. "जागा मानूस म्हंजे बंद दुकान," ते म्हणायचे. "झोपला का शटर वर." म्हणून प्रश्न घेऊन आडवं व्हायचं, सपान पडू द्यायचं, आणि उठून उत्तर सांगायचं. सपान नाही पडलं तर उद्या पुन्हा आडवं व्हायचं. घाई कुणाला आहे?

मी नुकताच पुण्याहून तेल कंपनीत कारकून म्हणून आलो होतो. कुवेतात तेव्हा आपलाच रुपया चालायचा, आणि अहमदीच्या टेकडीवर कंपनीनं गोऱ्या साहेबांना बंगले आणि आम्हाला लांबलचक चाळीसारखी क्वार्टर्स बांधून दिली होती. माझ्या खोलीत तिघंजण. एक कुरियन, टायपिस्ट, मलबारचा, मुंबईत राहून मराठी उचललेला, तोंडाचा पट्टा सतत चालू. दुसरे कासमभाई, रेवदंड्याजवळच्या खाडीकाठचे, कंपनीच्या कोठारात पाइप आणि व्हॉल्व्ह सांभाळणारे. आणि तिसरा मी, दामले, अंड्याच्या टरफलालाही हात न लावणारा.

पहिल्याच दिवशी मला खोलीत एक उग्र वास आला. ओव्यासारखा, पण ओवा नाही. गवतासारखा, पण गवत नाही. मी नाकानं माग काढत काढत कासमभाईंच्या उशीपाशी पोचलो.

"हा कसला वास हो?"

"ढेकनांसाठी पाला हाय," ते घाईघाईनं म्हणाले आणि उशी पलीकडे सरकवली.

आमच्या खोलीत ढेकूण होते आणि त्या वासाला भीक घालत नव्हते. पण नव्या माणसानं पहिल्याच दिवशी वाद कशाला घालावा, म्हणून मी माझी ट्रंक सोडायला घेतली.

त्यांच्या झोपेची कीर्ती कोठारात मोठी होती. एकदा एक तांबड्या मिशांचा फोरमन कसल्याशा व्हॉल्व्हसाठी आरडाओरडा करत आला. व्हॉल्व्ह सापडेना. कासमभाई म्हणाले, "साब, वन मिनिट," आणि पाइपांच्या ढिगाऱ्याआड जाऊन घोंगडीवर पडले. फोरमनच्या मिशा थरथरायला लागल्या. थोड्या वेळानं कासमभाई डोळे चोळत उठले आणि थेट रंगाच्या डब्यांमागे हात घालून व्हॉल्व्ह काढून दिला. फोरमन चाटच पडला. तो व्हॉल्व्ह तिथे त्यांनी स्वतःच ठेवला होता आणि विसरले होते, हे कुरियनचं मत. पण त्या दिवसापासून फोरमन त्यांना अदबीनं "मिस्टर कासम" म्हणायला लागला.

मला मात्र त्यांच्या झोपण्याचं कौतुक वाटायचं. पहिली पाळी संपवून ते दुपारी येत. बाहेर सगळं पांढरंफटक ऊन, लांब क्षितिजावर तेलविहिरींच्या ज्वाळा दिवसाही हलताना दिसायच्या, जणू कुणी पिवळी वस्त्रं वाळत घातली आहेत. खोलीत पंखा कुरकुरायचा. कासमभाई कुशीवर वळून गाल उशीत खोल रुतवायचे, नाक अगदी कापडाला लावायचे आणि पोर आईला बिलगावं तसे निजायचे. त्यांच्याकडे बघता बघता मलाही डुलकी लागायची. अहमदीतली माझी निम्मी वर्षं त्या पंख्याखाली अर्धवट झोपेत गेली असं मला अजून वाटतं.

आणि शुक्रवारी मात्र हा माणूस टक्क जागा! तेलाचं पिंप आडवं कापून त्यांनी शेगडी केली होती. सकाळी बाजारातून पापलेट आणायचे, त्याला अरब लोक जुबैदी म्हणतात. कधी कोंबडी, कधी कोलंबी. मीठ, हळद, लसूण आणि गावची मिरची. निखारे फुलवून त्यावर भाजायला लागले की सगळी क्वार्टर्स ताटल्या घेऊन बाहेर यायची. मी वाऱ्याच्या उलट बाजूला खुर्ची टाकून बसायचो, पण वारा कुठे ऐकतो? खोटं कशाला बोलू, तो वास आल्यावर पुण्यातले माझे पूर्वज क्षणभर डोळे मिटून घेत असावेत.

गंमत म्हणजे स्वतः कासमभाई त्यातलं काही खात नसत. सगळ्यांना वाढून झालं की कोरा चहा आणि शिळी खुबूस, म्हणजे तिथली तंदुरातली रोटी, घेऊन पायरीवर बसत.

"अहो, एक तुकडा तरी घ्या!"

"माजा पोट वासानंच भरला," असं म्हणून ते चहात रोटी बुडवत.

त्या हिवाळ्यात क्लबच्या फळ्यावर नोटीस लागली. घरगुती स्वयंपाक करणाऱ्यांसाठी बार्बेक्यूची स्पर्धा. पोटासाठी आचारीकाम करणाऱ्यानं भाग घ्यायचा नाही. बाकी साहेब असो वा कारकून, सगळ्यांना मुभा. नावं गुरुवारपर्यंत द्यायची, स्पर्धा शुक्रवारी दुपारी. बक्षीस काय, तर रेडिओ! चांगला मोठा, लाकडी पेटीचा. कुरियन धावतच खोलीत आला.

"कासमभाई, तुम्ही उभे राहा! रेडिओ आपला!"

"बार्बेक्यू म्हंजे काय?"

"तुम्ही दर शुक्रवारी करता ते! फक्त साहेब लोक करतात तेव्हा त्याला बार्बेक्यू म्हणतात."

कासमभाईंनी विचार केला. "मंग ते मासे भाजनं खरा नाय. ते कोनपन करील. खरी तर आमची पोपटी."

पोपटी म्हणजे पक्ष्याची मादी नव्हे, हे मला तेव्हा कळलं. थंडीत वालाला शेंगा धरल्या की त्यांच्या भागात शेताच्या बांधावर हा उद्योग चालतो. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा, म्हणजे तिकडच्या एका रानझुडपाचा, पाला घालायचा. वर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी आणि पाल्यात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा, मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. मध्ये उघडून बघायचं नाही, चव घ्यायची नाही. वरून पाणी शिंपडायचं, चर्र करून उडालं की झाली. मग मडकं उघडायचं आणि तिथेच भोवती बसून, गरम गरम, हातानं खायचं. थांबायचं कुणासाठीही नाही. सांगताना कासमभाईंचे डोळे अर्धे मिटले होते. मला खोलीतच शेताचा बांध दिसायला लागला.

"मग लावा की पोपटी!" कुरियन म्हणाला. "मडकं बाजारात मिळेल. वाल नाही तर बसऱ्याहून वालासारख्याच बाजिल्ल्याच्या शेंगा येतात, त्या घालू. कोंबड्यांना तोटा नाही."

"आनि पाला? भांबुर्ड्याबिगर पोपटी म्हंजे नुस्ता उकडलेला."

"तो कुठे मिळेल?"

कासमभाईंनी आधी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "हाय एका ठिकानी."

"कुठे?"

"उशीत."

मी आणि कुरियननं एकमेकांकडे पाहिलं. कासमभाईंनी अभ्र्यात हात घालून फडक्याची एक पुरचुंडी काढली. निळ्या फुलांचं जुनं फडकं, गाठ इतकी जुनी की तिचाच एक गोळा झाला होता.

"अमिनानं दिलेला," ते म्हणाले. "बोटीवर चडताना. बोलली, तिकडं पाला मिलनार नाय, नेऊन ठेवा, पोपटी लावा. मी लावली नाय. पैली थंडी म्हटला पुडच्या वर्साला लावू. पुडच्या थंडीच्या आदीच खबर आली."

अमिना म्हणजे त्यांची बायको. गावी तापानं गेली. मुंबईहून बोट यायला-जायला इतके दिवस लागत की खबर पोचली तेव्हा तिथं सगळं आटोपलेलं होतं. जाऊन तरी काय करणार, असं सगळ्यांनी सांगितलं, आणि ते गेले नाहीत. ही गोष्ट मला कुरियनकडून पुसट ठाऊक होती. कासमभाईंच्या तोंडून तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"मना सगले दिसतात सपनात," पुरचुंडी हातात फिरवत ते म्हणाले. "फोरमन दिसतो, कोठारातले व्हॉल्व्ह दिसतात, मेलेला बोकड दिसतो. ही नाय येत. एकदापन नाय. म्हटला हिचा पाला उशाला असला तर वासावर तरी येल."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अर्जाचं, चपलांचं, मासळीचं सगळं निमित्त होतं. हा माणूस प्रत्येक प्रश्न घेऊन झोपायचा तो तिला विचारायला, आणि दर वेळी दुसरंच कुणीतरी उत्तर द्यायला यायचं.

  कुरियनच हळू आवाजात म्हणाला, "राहू द्या, कासमभाई. रेडिओ काय, पुढेमागे घेऊ."

"नाय," कासमभाई म्हणाले. "विचार करन्यासारखा हाय. वास कमी कमी होत चाललाय. बघा तुमी." त्यांनी पुरचुंडी माझ्या नाकाशी धरली. पहिल्या दिवशी खोलीभर पसरलेला तो वास आता फडक्याला नाक लावल्यावरच येत होता. "ठेवला तरी जानार, वापरला तरी जानार. काय करावा?"

"काय करताय मग?"

"झोपून सांगतो."

तो आठवडा आमच्या खोलीनं श्वास रोखून काढला. कासमभाई दुपारी पडायचे आणि आम्ही चोरपावलांनी चालायचो. शेजारच्या खोलीत कुणी पत्ते कुटायला लागला की कुरियन जाऊन त्याला दटावून यायचा. स्वप्न पडायला मदत व्हावी म्हणून तो पेपरानं वारा घालायचा आणि ताक आणून द्यायचा. उठल्या उठल्या विचारायचा, "काय दिसलं?"

सोमवारी जनरल मॅनेजर दिसले. पाणी वाहणाऱ्या गाढवावर बसून चालले होते. कुरियन म्हणाला हा होकार, साहेब आपल्या दारी आले. मी म्हटलं, गाढव कुणाच्या दारी थांबलं ते नाही दिसलं ना? मग कसला होकार! मंगळवारी एका व्हॉल्व्हची वरात दिसली, वाजंत्र्यांसकट. बुधवारी काहीच दिसलं नाही, फक्त ताकाची ढेकर आली. कुरियननं कपाळाला हात लावला.

गुरुवारी दुपारी मी कामावरून आलो तेव्हा कासमभाई झोपलेले होते. बाहेर वारा सुटला होता, बारीक वाळू खिडकीच्या काचेवर सरसर घासत होती, सगळा उजेड ताकासारखा पातळ पांढरा झाला होता. मी खाटेवर बसलो. मला वाटलं ते काहीतरी पुटपुटले. मग हसले, झोपेतच. नंतर बराच वेळ शांत. मला डोळा लागला की काय कोण जाणे, कारण मी बघितलं तेव्हा ते उठून बसलेले होते आणि तोंड धुऊन टॉवेलनं पुसत होते.

"दामलेसाब, नाव घाला माजा."

"काय दिसलं?"

"नाव घाला तुमी," एवढंच म्हणाले आणि पुरचुंडीची गाठ दातांनी सोडवायला लागले.

शुक्रवारी क्लबच्या मैदानावर साहेब लोकांनी ओळीनं शेगड्या मांडल्या होत्या. कुणी फुलाफुलांचे एप्रन घातलेले, कुणाच्या हातात चिमट्यांचा संच. मांसाचे इंच इंच जाड तुकडे चुरचुरत होते. सगळ्यात शेवटी आमची जागा. आम्ही फळकुटं आणि खजुरीच्या वाळक्या झावळ्या आणल्या होत्या. कासमभाईंनी पाला पाण्यात भिजवून मऊ केला, कोंबडीभोवती, शेंगांत, तळाशी बेताबेतानं पसरला. मडक्याच्या तोंडाला तो पुरेना, तिथे बकऱ्यांसाठी विकतात तो ओला लसूणघास कोंबला. मग त्यांनी पिशवीतून एक चिमुकलं मडकंही काढलं, ते भरून त्याच्या शेजारी उपडं घातलं. त्यात काय, ते मी विचारलं नाही. जाळ पेटला.

क्लबच्या सेक्रेटरीबाई फिरत फिरत आल्या आणि घाबरल्याच. "अगंबाई" त्यांच्या भाषेत जे काही असेल ते म्हणाल्या आणि काठीनं मडकं सरळ करायला वाकल्या. "तुमचं भांडं कलंडलंय!"

"नो, नो, मॅडम! इट इज स्टँडिंग!" कुरियन आडवा आला. "ऑन हेड!"

बाईंनी एकदा मडक्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि वहीत काहीतरी लिहून गेल्या.

परीक्षक पहिल्या टोकापासून निघाले होते. एकेका शेगडीपाशी थांबायचे, चाखायचे, विनोद करायचे, पुन्हा चाखायचे. नियम असा की प्रत्येकानं पहिलं ताट परीक्षकांसाठी वाढायचं, ते चाखेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. कासमभाईंना हे आम्ही चांगलं पढवलं होतं. त्यांनी मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र! थेंब उडून गेले.

"झाली," ते म्हणाले.

परीक्षक अजून मधल्या शेगडीशी होते. कासमभाईंनी गोणपाटानं धरून मडकं बाजूला घेतलं, काडीनं जळका लसूणघास ओढून काढला. आणि तो वास सुटला. ओव्यासारखा, पण ओवा नाही. इतकी वर्षं फडक्यात कोंडलेला, मला वाटलं होतं संपला म्हणून. वाळूच्या त्या मैदानावर तो असा पसरला की दोन-तीन एप्रनवाले साहेब माना वळवून बघायला लागले.

"आता ताट वाढून ठेवा," कुरियन कुजबुजला. "रेडिओ आलाच!"

कासमभाईंनी चटई अंथरली. एक तंगडी, मूठभर शेंगा, एक बटाटा घेतला. मांडी घालून बसले. "बिस्मिल्ला" म्हणाले, आणि खायला लागले.

"कासमभाई!" कुरियन किंचाळला. "परीक्षक! परीक्षक यायचेत!"

"येवदेत. मी जेवतोय."

तसं कासमभाईंना जेवताना मी कधी पाहिलंच नव्हतं. घाई नाही, संकोच नाही. शेंग दातांनी ओढत होते, बोटं चाटत होते. मी त्यांच्याशेजारी चटईवर बसलो.

"आली होती ना काल?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. तोंडातला घास संपवला.

"उंबऱ्यात उभी. वल्ले हात पदराला पुशीत. मी म्हटला आता विचारतो, उभा र्‍हाऊ का नको. मना बोलूच देईना. उशी उचलून बघितली न् कडाडली. बोलली, पाला अजून पुरचुंडीतच? मंग इतकी वर्सां जेवताव काय?" ते जरा थांबले. "स्पर्धेचा नावपन काढला नाय तिनं."

  कासमभाईंनी डाव्या हातानं ते चिमुकलं मडकं माझ्यापुढे सरकवलं.

"तुमचा वेगला लावलाय. नुस्त्या शेंगा न् बटाटे. कोंबडीचा हातपन लागला नाय. पाला तोच."

परीक्षक आले तेव्हा आम्ही तिघंही चटईवर बसून जेवत होतो. कुरियननंसुद्धा शेवटी रेडिओच्या नावानं उसासा टाकून एक तंगडी उचलली होती. मुख्य परीक्षकसाहेबांनी उघडं मडकं पाहिलं, कासमभाईंच्या हातातलं हाड पाहिलं, आणि फार सभ्यपणे टोपीला हात लावून पुढे गेले. रेडिओ एका एप्रनवाल्याला मिळाला. तो शेजारच्याच बंगल्यांत लागायचा आणि वारा आमच्या बाजूचा असला तर थोडा आम्हालाही ऐकू यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी कासमभाई पाळी संपवून आले. उशी आता साधी कापसाची, चपटी झाली होती. मला फाहाहीलला जायचं होतं आणि सोबत हवी होती. मी नेहमीसारखं विचारलं, "कासमभाई, येता का?"

ते काय म्हणणार ते मला पाठ होतं. पण त्यांनी आदल्या दिवशीची उरलेली पोपटी स्टोव्हवर गरम करायला ठेवली, आमच्या दोघांच्या ताटल्यांशेजारी स्वतःची तिसरी ताटली मांडली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जेवून सांगतो."